लेक चिल्क्याला, आणि फोन फक्त रविवारी

पत्र आलंय इंदूरच्या लोकमान्य नगरातून. जरा लांब होतं म्हणून थोडं कापून देतेय.

"ताई, नमस्कार. माझी मुलगी 19 वर्षांची आहे, नेव्हीत अग्निवीर म्हणून सिलेक्ट झाली, पाच आठवडे झाले ओडिशाला चिल्क्यात ट्रेनिंगला आहे. फोन फक्त रविवारी येतो, दहा-बारा मिनिटं. आधीचे फोन ठीक होते. गेल्या रविवारी मात्र हॅलो म्हणायच्या आतच रडायला लागली, म्हणाली आई मला नाही जमत, मला घ्यायला या. मागून कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. तेव्हापासून मला घास उतरत नाहीये. हे म्हणतात मी आधीच सांगितलं होतं बी.कॉम. कर म्हणून, आता भोगा. सासूबाई म्हणतात आत्ताच्या आत्ता जाऊन घेऊन या, मुलीच्या जातीला काय करायचाय समुद्र. मी तिला आणायला जाऊ का? का ती सहन करेल म्हणून गप्प बसू? परवा परत रविवार आहे. एक आई."

अहो ताई, आधी जेवून घ्या. खरंच सांगतेय. आज वरणभात का होईना पोटात घाला आणि मग पुढचं वाचा, कारण उपाशी पोटी माणूस एकतर तिकीट काढतं नाहीतर भांडतं.

घ्यायला जाऊ नका. निदान या एका फोनवरून तरी नाही.

आता का ते सांगते. माझा धाकटा पण चिल्क्यालाच होता, खूप वर्षं झाली, तेव्हा अग्निवीर वगैरे काही नव्हतं, आणि हातात मोबाईल तर नव्हताच, बूथवर रांग लावून फोन करायचा. त्याचा पण असाच एक फोन आला होता. साधारण याच सुमाराला, महिना उलटून गेल्यावर. म्हणजे बघा, पहिले दोन-तीन आठवडे सगळं नवं असतं, केस कापले, युनिफॉर्म मिळाला, नवीन पोरं भेटली, त्या धांदलीत रडायला सुद्धा वेळ नसतो. मग अंगातला जोर ओसरतो, झोप पुरत नाही, पाय ठणकतात, आणि तेव्हा कळतं की हे आता रोज आहे. उद्या पण आहे. त्या दिवशी फोन लागतो आणि पलीकडे आईचा आवाज येतो, झालं, बांध फुटला. तिथे ती कुणासमोर रडणार होती? शेजारच्या बेडवरची पण तिच्याच अवस्थेत असणार.

तर माझा रडला आणि मग मी पण रडले. नुसती रडले नाही, हुंदके देऊन रडले, म्हटलं सोड रे बाबा ते सगळं, ये घरी परत, काही नको आम्हाला तुझी नोकरी. यांनी फोन हातातून काढून घेतला तोवर वेळ संपली. आणि त्याच्या पुढच्या रविवारपासून आमच्या चिरंजिवांचं एकच वाक्य, "सगळं ठीक आहे आई." जेवण? ठीक आहे. तब्येत? ठीक आहे. मी खूश की चला, रुळला! आणि खरं काय होतं तर त्याची नडगी तीन आठवडे दुखत होती, तो लंगडत परेड करत होता आणि मला सांगत नव्हता, कारण आई रडते. तिथे पण कुणाला सांगत नव्हता, कारण आजारी पडलो तर मागे राहीन. शेवटी हाडाला बारीक चीर निघाली आणि व्हायचं तेच झालं, विश्रांती, आणि मागून येणाऱ्या बॅचबरोबर परत. त्याला तिथे रेलिगेट होणं म्हणतात, हा शब्द मी तेव्हा शिकले. त्यात तिथल्या लोकांचा काही दोष नव्हता, सांगितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात औषध मिळालं असतं. मीच त्याचं तोंड बंद केलं होतं.

म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर मला वाटलं की आणायला जाऊ का हे नंतर बघू. तुमची मुलगी अजून तुम्हाला खरं सांगतेय. "मला नाही जमत" हे ती तुम्हाला म्हणाली, हे केवढं चांगलं आहे! ते दार उघडं राहिलं पाहिजे, परवाच्या रविवारी बाकी काही नाही झालं तरी चालेल.

आणि एक लक्षात घ्या, ती दहा मिनिटांत रडून मोकळी झाली. फोन ठेवला, कुणीतरी हाक मारली म्हणताय ना, ती गेली असेल पळत, मग कपडे धुतले असतील, इस्त्री केली असेल, बूट चमकवले असतील, संध्याकाळी कुणाबरोबर तरी हसली पण असेल. तुम्ही मात्र ते रडणं उचलून घरी ठेवलंत आणि आठवडाभर रोज काढून बघताय. तिचं रडणं रविवारी सकाळचं आहे, तुमच्याकडे ते आज शुक्रवारी पण ताजं आहे.

आता परवाचं. फोन स्पीकरवर टाकू नका, प्लीज. मला माहितीये आपल्या घरांत काय होतं, फोन आला की आजी, बाबा, काकू, शेजारच्या वहिनी, सगळे गोळा, "अगं बारीक झालीस का", "काळी झाली असशील", "कधी येणार", आणि दहा मिनिटं संपतात, पोरगी काही बोललेलीच नसते. एकानेच बोलायचं. या रविवारी तुम्ही. ती रडली तर रडू द्या, फोन धरून ठेवा, "हं" म्हणत राहा, घाईघाईने समजूत घालू नका आणि "मग येतेस का परत" हे तर अजिबात विचारू नका, थकलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की उत्तर एकच येतं. त्यापेक्षा बारीक विचारा. "काय नाही जमत गं, पळणं, का पोहणं, का कुणी काही बोललं?" असं विचारलं की नेमकं काय ते बाहेर येतं. सगळंच नाही जमत असं सहसा नसतं, एखादी गोष्ट अडलेली असते आणि तिची सावली सगळ्यावर पडते.

माझा अंदाज सांगू? पोहणं असेल. चुकू शकते मी. पण आपल्या इंदूरच्या पोरी पाण्यात उतरतात कुठे, तर महेश्वरला नाहीतर ओंकारेश्वरला, आजीचा हात धरून, नाक दाबून तीन डुबक्या, हर नर्मदे हर आणि बाहेर. तिथे एकदम खोल पाणी आणि वरून शिट्टी. किनाऱ्यावरची मुलं-मुली लहानपणापासून पाण्यात असतात, त्यांच्याशेजारी आपण दगडासारखे बुडतो, याची लाज वाटते. पण पोहता न येणारे पुष्कळ येतात आणि त्यांना शिकवतातच, येत नाही म्हणून कुणी घरी पाठवत नाही लगेच. तिने भरतीच्या वेळी 1.6 किलोमीटर 8 मिनिटांत पळून दाखवलंय ना? ते पण आधी कुठे जमत होतं. तुम्ही पत्रात लिहिलंय (मी कापलं ते) की पहाटे नेहरू स्टेडियमला तिच्याबरोबर तुम्ही पण जायचात आणि बाकावर बसून स्वेटर विणायचात. मग तेच बोला तिच्याशी. पहिल्या दिवशी किती वेळात पळाली होती ते तुमच्या लक्षात असेल, तिच्या नसेल.

घरातलं पण सांगा, पण फुटकळ. नळाला पाणी किती वाजता आलं, आजींनी कुकरची शिट्टी कुठे हरवली, सराफ्यात कोण भेटलं, समोरच्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली. आम्हाला वाटतं की असलं काय सांगायचं, वेळ वाया. पण माझ्या मुलाने नंतर सांगितलं की त्याला तेच हवं असायचं, कारण त्यावरून कळायचं की घर जागेवर आहे. "तुझ्याशिवाय करमत नाही" हे वाक्य मात्र आठवड्यातून शून्य वेळा. त्याचं ओझं होतं हो त्यांना.

आणि पत्र लिहा. कागदावर, हाताने. हसू नका, फोन दहा मिनिटांत संपतो, पत्र उशीखाली राहतं आणि लाईट जायच्या आधी चौथ्यांदा वाचता येतं. पत्त्यात तिचा नंबर, डिव्हिजन सगळं नीट, तिने दिलंय तसंच, नाहीतर तिथे हजारो पोरं आहेत, फिरत बसेल. मी एकदा पत्राऐवजी डिंकाचे लाडू पाठवले होते, पार्सल कुठेतरी ओलं झालं आणि पोचलं तेव्हा त्यात मुंग्या जास्त आणि लाडू कमी, वर खाण्याचं पार्सल चालणार नाही असं त्याला ऐकावं लागलं ते वेगळंच. तेव्हा आधी विचारा, मग पाठवा.

आता एक गोष्ट, जी मी मुलाच्या वेळी शिकले नाही पण तुम्हाला मुलगी आहे म्हणून सांगायलाच हवी, आणि ही फोनवर बाबा शेजारी असताना बोलता येणार नाही म्हणून पण स्पीकर नको म्हणतेय. तिला पाळीचं विचारा. इतकं अंगमेहनतीचं काम, कमी झोप, टेन्शन, यात मुलींची पाळी पुढे-मागे होते, काहींची एखाददोन महिने येतच नाही. ती घाबरली असेल आणि कुणाला सांगत नसेल. तिला सांगा की असं होतं, पण लपवायचं नाही, मेडिकलला जाऊन सांगायचं. दुसरं म्हणजे लोह. आपल्याकडच्या निम्म्या मुलींचं हिमोग्लोबिन कमीच असतं, दम लागतो, डोळ्यापुढे अंधारी येते आणि वाटतं की आपणच कमजोर आहोत. पानात जे येतं ते सगळं खायचं, अंडं देत असतील आणि ती खात असेल तर अंडं पण, नखरे नाही. आजींना यातलं अंड्याचं सांगू नका हवं तर.

आणि पाय. हाडाला अशी चीर जायचं प्रमाण ट्रेनिंगमधल्या मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं, हे डॉक्टर मंडळी सांगतात. थकून पाय दुखणं वेगळं, तसे सगळ्यांचेच दुखतात आणि सकाळी जरा हलके होतात. पण एकाच जागी बोट ठेवून "इथे" म्हणता येतं, दाबलं की कळ येते, बसल्यावर सुद्धा थांबत नाही, रोज वाढतंय, ते दाखवायचं. आठवडाभर विश्रांती घ्यावी लागली तरी परवडली. आमच्या घरात याचा काय भाव पडला ते वर सांगितलंच.

बरं, मग कधी खरंच उठून जायचं, किंवा निदान फोन फिरवायचा? हे पण बोलूया, कारण "सगळ्यांनाच होतं, सहन कर" असं डोळे झाकून सांगणारी मी नाही. ती तीन-चार रविवार सलग तशीच असेल, खाणं-झोप अगदीच तुटली असेल, आवाज सपाट झाला असेल, म्हणजे रडत पण नाही आणि हसत पण नाही, मी कशाला जगतेय अशा अर्थाचं काही बोलली, किंवा कुणी तिच्याशी गलिच्छ वागतंय, हात लावतंय असं काही सूचित केलं, तर मग थांबायचं नाही. एक दिवस पण नाही. नेव्हीत प्रत्येक ट्रेनी एका डिव्हिजनमध्ये असतो आणि त्याचा एक डिव्हिजनल ऑफिसर असतो, मुलांच्या घरगुती-वैयक्तिक अडचणी ऐकणं हे त्याच्या कामातच येतं, मेहरबानी नाही. तिने स्वतः आधी त्यांच्याकडे जावं हे उत्तम, तिला तसं सांगा, आणि तिच्याच्याने होत नसेल तर तुम्ही बोला. त्यांचं नाव आणि संपर्काचा नंबर परवाच्या फोनवर विचारून वहीत लिहून ठेवा, आत्ता काही गरज नसताना. गरज पडते तेव्हा नेमका नंबर नसतो. आणि तुम्हाला स्वतःला रात्री झोपच येत नसेल तर 14416 हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा मदतीचा नंबर आहे, फुकट आहे, आयांनी पण लावायला हरकत नाही.

हे सांगायला हवं म्हणून सांगितलं. पत्रावरून मला यातलं काही वाटत नाहीये, एका रविवारचं रडणं वाटतंय.

आता तुमच्या घरच्या आघाडीकडे वळते. कारण खरं सांगू, चिल्क्यापेक्षा मला लोकमान्य नगरचंच जास्त टेन्शन आलं पत्र वाचून.

सासूबाईंचं आधी. त्यांना बहुतेक वाटतंय की नात आत्ता जहाजावर आहे आणि लाटा उसळतायत. आमच्या सासूबाई तर शेवटपर्यंत "छिलका" म्हणायच्या, "छिलक्याला गेलाय पोरगा", आणि टीव्हीवर वादळाची बातमी आली की देव पाण्यात. आयएनएस चिल्का नाव असलं तरी ते जहाज नाहीये हो, जमिनीवरच आहे, चिलिका सरोवराच्या काठी, खोल्या, मैदान, वर्ग, सगळं जमिनीवर. नेव्हीची पद्धतच आहे, जमिनीवरच्या तळाला पण जहाजाचं नाव द्यायचं. मुंबईत मालाडला आयएनएस हमला आहे, लोणावळ्याला डोंगरात आयएनएस शिवाजी आहे, तिथे कुठला आलाय समुद्र! बोलण्यात पण तसंच, फरशीला डेक म्हणायचं, स्वयंपाकघराला गॅली, मुलगी सुट्टीवर आली की बघा, तुमच्या किचनला गॅली म्हणेल. हे आजींना मजेमजेत सांगा, निम्मी भीती जाईल. आणि उरलेली निम्मी "मुलीची जात" वाली आहे, तिला उत्तर म्हणून सांगा की 2017 मध्ये सहा बायका, नेव्हीतल्याच, शिडाच्या बोटीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून 2018 च्या मे महिन्यात परत आल्या, तारिणी नाव बोटीचं. बोटीवर पुरुष एक पण नव्हता. आणि 2022 पासून नेव्हीच्या झेंड्यावर जो अष्टकोन आलाय तो शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलाय. मराठी आजी यावर विरघळली नाही तर मला कळवा.

आता साहेब. "मी आधीच सांगितलं होतं."

ताई, हे वाक्य मला माहितीये. आमच्याकडे पण होतं. बापांना रडता येत नाही तेव्हा ते हे वाक्य म्हणतात. शिवाय आपलं इंदूर, शेजारी महू, आर्मी म्हणजे काय हे आपल्याकडे पानवाल्याला पण माहीत, कुणाचा तरी मामा-काका असतोच, पण नेव्ही म्हणजे काय हे शेकडो किलोमीटर समुद्र नसलेल्या गावात कुणाला विचारणार? अंधारात उभं राहून माणूस ओरडतो, तसं आहे ते. त्यांच्या रागामागे जो प्रश्न आहे त्यात तथ्य मात्र आहे, ते झटकू नका. अग्निवीर म्हणजे चार वर्षांचीच भरती, मग चार वर्षांनी काय, हा प्रश्न बरोबर आहे. नियम असा आहे की चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्क्यांना पुढे कायम घेतात, बाकीचे बाहेर. पहिल्या वर्षी पगार महिना 30 हजार, त्यातले 9 हजार फंडात जातात आणि 21 हजार हातात, सरकार त्या 9 हजारांत तेवढीच भर घालतं, आणि चार वर्षांनी बाहेर पडताना व्याज सोडून साधारण 10 लाख मिळतात, त्यावर इन्कम टॅक्स नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. विमा आहे 48 लाखांचा, त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. हे चांगलं का वाईट यावर माझं मत विचाराल तर मला ते 25 टक्के फारच कमी वाटतात, आणि हे मी कुणाच्याही समोर म्हणेन. पण 19 व्या वर्षी जाऊन 23 व्या वर्षी गाठीला दहा लाख आणि हाताला काम शिकलेली मुलगी, आणि मध्ये इग्नूमधून डिग्री करायची सोय, हे वाया गेलेलं आयुष्य आहे असं पण नाही ना. त्यांना म्हणावं, चार वर्षांनंतरची चर्चा आपण ती सुट्टीवर आली की तिच्यासमोर, कागद-पेन घेऊन करू. ती ट्रेनिंगमध्ये असताना, तिच्या मागे, जेवताना नाही करायची.

आणि मध्येच सोडून यायचं म्हणाल तर ते कॉलेज बदलण्यासारखं नाहीये. सही झालीये. स्वतःहून सोडायची परवानगी नियमाप्रमाणे अगदी अपवाद म्हणूनच मिळते, ती पण वरच्या अधिकाऱ्यांनी मंजूर केली तर. आई गेटवर जाऊन उभी राहिली आणि मुलगी घेऊन आली असं होत नाही. तुम्ही दीड दिवस प्रवास करून जाल, आणि तिला बॅचमध्ये "हिची आई आली होती न्यायला" हे चिकटेल ते चिकटेल. 19 वर्षांच्या मुलीला ते किती लागतं ते तुम्हाला मी काय सांगू.

साहेबांना काम द्या. माझा अनुभव असा की काळजी करणाऱ्या बापाला काम दिलं की तो शांत होतो. त्यांना म्हणा पत्राचा मागचा अर्धा कागद तुमचा, काही पण लिहा, क्रिकेटचा स्कोअर लिहा. आमच्यांनी चार महिने फक्त पेट्रोलचा भाव आणि स्कूटर कशी चालतेय ते लिहिलं, एकदा सुद्धा "आठवण येते" नाही. मुलाने ती सगळी पत्रं जपून ठेवलीयेत, माझी नाही ठेवली. बघा आता.

बाकी तिथलं ट्रेनिंग 16 आठवड्यांचं आहे, पाच गेले, म्हणजे अकरा रविवार. फ्रिजवर कागद लावा हवं तर आणि खोडत जा. पुढे जहाजावरचं आणि ट्रेडप्रमाणे, म्हणजे मिळालेल्या कामाप्रमाणे, दुसरीकडचं ट्रेनिंग असतं, ते त्या मानाने वेगळं, तेव्हा फोन पण बरे येतात, त्याची आत्ता काळजी नको. चिल्क्याचे आठवडे संपले की तिथेच पासिंग आउट परेड. अग्निवीरांची पहिली बॅच तिथून 28 मार्च 2023 ला बाहेर पडली, साधारण 2600 जण, त्यात 273 मुली, आणि परेड सूर्य मावळल्यावर झाली, दिव्यांच्या उजेडात. नेव्हीत खलाशी म्हणून मुली घेतल्या त्या पहिल्यांदा याच अग्निवीर भरतीपासून, म्हणजे तुमच्या मुलीच्या पुढे असलेल्या सगळ्यात सीनियर मुली सुद्धा काही फार पुढे नाहीयेत. तिला विचारायला दहा ताया नाहीत तिथे, हे लक्षात ठेवा. मुलांना सल्ला द्यायला गल्लीत कुणीतरी माजी नौसैनिक काका निघतो, हिला कोण?

त्या परेडला मात्र जा, बोलावणं आलं की दोघं पण जा, आजींचे गुडघे चालत असतील तर आजी पण. तिकिटाचं आधी बघा, इंदूरहून पुरीची हमसफर आठवड्यातून एकदाच आहे आणि भरलेली असते, खुर्दा रोडला उतरायचं आणि तिथून पुढे बालुगावच्या बाजूला जायचं. त्या भागात इतकं दमट असतं की अंगाला कपडा चिकटतो, सिल्कची साडी नेसू नका, मी नेसले होते, फोटोत मी मुलापेक्षा जास्त घामेजलेली दिसते. आणि तुम्हाला ती ओळखू येणार नाही एक मिनिट, हे पण सांगून ठेवते. सगळ्या पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांच्या माना एकाच कोनात. मी दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाकडे बघून टाळ्या वाजवत होते बराच वेळ, शेजारी एक तेलुगू बाई होत्या त्या माझ्या मुलाकडे बघून वाजवत असणार.

जाताना तिच्यासाठी जिलेबी नेऊ नका, दीड दिवसात लगदा होतो. लवंगी शेव न्या, दोन किलो, वेगवेगळ्या पुड्या बांधून. एक तिला, बाकीच्या तिच्या खोलीतल्या मुलींना. परवा फोनवर त्यांची नावं मात्र विचारून ठेवा.